कोपाला कडबा नाही

औसा तालुका, जि. लातूर
23 नोव्हेंबर 2025

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा गव्हाला पाणी देत दारं धरत होतो. या आठवड्यात आपल्या लाईनला रात्रीची लाईट आहे. साडेबाराला येते, ती कधी जाईल नेम नाही. पाय चिखलात, बॅटरी दातात, म्हणून तुझ्याशी धड बोललो नाही. राग मानू नकोस.

सोयाबीनचं विचारत होतास. सप्टेंबरच्या पावसात ओढ्याकडचं सव्वा एकर मातीसकट खरडून गेलं. उरलेल्याच्या शेंगा झाडावरच उगवल्या. सगळं चिवडून रास झाली नऊ पोती, तीही डागी. हमीभाव क्विंटलला 5328, पण तो स्वच्छ दाण्याला आणि बारा टक्क्यांच्या आत ओल असली तर. आपल्याला आडतीवर 3400 पडले. हिशेबाची पट्टी खिशात घातली आणि चहा न पिताच आलो. तूर खोलगट भागात पाणी साचून उबळली, वरच्या अंगाची तेवढी फुलावर आहे. आता धुई, धुकं पडलं नाही म्हणजे मिळवली.

हरभरा मात्र बघायला ये, दत्ता. वाफसाच येईना, त्यामुळं पेरायला पाडवा उजाडला. जॅकी वाण पेरलाय. रानाला ओल इतकी की अजून पाण्याचं नावच काढलं नाही. पाणी दिलं असतं तर माजला असता. आज बत्तीस दिवसांचा झालाय, शेंडे खुडायला घेतलेत. माय सकाळी ओटा भरून आणते. निम्मी भाजी ताटात, निम्मी पत्र्यावर वाळत. रोजगारी बाई तीनशेला मिळत नाही, आणि भाजी न्यायला मात्र अख्खी गल्ली येते!

काल संध्याकाळी मायनं आपलं जुनं धोतर धुऊन हरभऱ्यावर अंथरायला लावलं. पहाटे गेलो तर दवानं जड झालेलं. दोघांनी दोन टोकं धरून पिळलं, काचेच्या बाटलीत पानांवरच्या आंबट पाण्याची जेमतेम चार बोटं आंब निघाली. बोटाला भेग होती तिथं अशी झोंबली की हात झटकला. तुझ्या पोटदुखीसाठी ठेवलीय. पितळेच्या भांड्यात ओतायची नाही, हे मायचं वाक्य तुला पाठच असेल.

आता खरी भानगड. 19 डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आहे, आणि रानात पांडव पुजायच्या कोपाला, त्या खोपीला, कडबा नाही. गंजी खालून भिजली, आतून काळी पडली, बैल तोंडसुद्धा लावीनात. मी उसाचं वाढं विकत आणून त्यांना जगवतोय. आणि मागच्या आठवड्यात गोठ्याच्या आढ्यावर काय सापडावं? मेणकापडात गुंडाळलेल्या बारा पेंढ्या, कोरड्या खडखडीत! आण्णांनी पेरणीआधीच वर टाकून ठेवल्या होत्या. मी खाली ओढायला लागलो तर म्हणाले, "हात लावू नको, येळवशीच्या हायत." दारात बैल अर्धपोटी आणि हे पांडवांसाठी राखून बसलेत. बोललो जरा जास्तच. म्हटलं, यंदा हिरवी शेडनेट बांधू. तर म्हणाले, "पांडवांची नर्सरी काढतोस का?"

दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आण्णांनीच चार पेंढ्या सोडून बैलांपुढं टाकलेल्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आता आठ राहिल्यात. आठ पेंढ्यांत कोप होतो, फक्त आत एकाच माणसाला वाकून बसता येईल. पूजेला तेवढं पुरे. आपण भज्जीची भाजी आणि आंबील घेऊन बांधावरच्या बाभळीखाली बसू. ज्वारी यंदा एकच एकर पेरलीय, तीही दाण्यापेक्षा कडब्यासाठी. ती हाताशी येईपर्यंत वाढ्यावरच भागवायचं.

येळवशीला शुक्रवार आहे. आपल्याकडं सुट्टी असते, तुझ्या कंपनीला असले सण ठाऊक नाहीत, तेव्हा रजा आधीच टाक. वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. आदल्या रात्रीच आलास तर कोप बांधायला माणूस होशील. तुझी गाठ सुटते हे आण्णा अजून विसरले नाहीत, तरी तुझंच नाव घेतायत.

येताना डोक्याला बांधायची चांगली बॅटरी आण. दात दुखायला लागलेत.

तुझा,
बालाजी