भिंतीवरचे पट्टे

प्रिय दिग्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. सबब एकही नाही, तेव्हा शिव्या घालून मोकळा हो. पाठ आहे तशीच आहे. पुढे.

तुझ्या फिल्मची बावीस सेकंदांची टेस्ट क्लिप काल चार वेळा पाहिली. मूळ फाइल पाठवलीस हे बरं केलंस. सुमी दिव्याखाली बसलीय, मागे कोरी भिंत, आणि दिव्यापासून कोपऱ्यापर्यंत उजेड विरत जायच्या ऐवजी जिन्यासारखा पायरी-पायरीने उतरतोय. सोबत तुझी एकच ओळ: ‘कॅमेरा बदलू का?’ वाचून पोटात गोळा आला, कारण ‘लॉगमध्येच शूट कर’, म्हणजे चित्र फिकट नोंदव आणि रंग नंतर चढव, हे ज्ञान माझंच. बिट किती, हे मी विचारलंच नव्हतं.

कॅमेरा बदलू नकोस. बिघडलीय ती ८-बिट आणि लॉग यांची जोडी. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉग गडद काळोखापासून लख्ख उजेडापर्यंतचा सगळा पल्ला तेवढ्यातच दाटीवाटीने बसवतो. एकेका स्टॉपच्या (उजेड दुप्पट होण्याच्या टप्प्याच्या) वाट्याला मोजक्याच पायऱ्या येतात. मग ग्रेडिंगला, म्हणजे नंतर रंग-उजेड बसवताना, कॉन्ट्रास्ट ताणलास की त्यांच्यातल्या फटी दिसू लागतात. कोरी भिंत, धुकं, संध्याकाळचं आकाश इथे त्या लगेच उघड्या पडतात; पानांत, खडबडीत कापडात लपतात. म्हणून तुझ्या बागेतल्या क्लिपमध्ये काहीच कळलं नाही. त्यात फाइल ४:२:०, म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद, आणि वर कॉम्प्रेशन असं की सपाट भागातला बारीक ग्रेन (दाणेदारपणा) आधी पुसून टाकतं. पट्टे झाकायचं काम नेमका तो ग्रेनच करत असतो.

तेव्हा आधी मेन्यूत शोध. १०-बिट ४:२:२ (दोन पिक्सेलना रंगाची एक नोंद) काही कॅमेऱ्यांत कोडेक, म्हणजे फाइल दाबून भरायची पद्धत, बदलल्यावरच दिसतं, एच.२६५ किंवा ऑल-इन्ट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र भरणारं) निवडून बघ. असेल तर लॉग खुशाल ठेव. नसेल तर लॉग सोड, मनाला लावून घेऊ नकोस. न्यूट्रल प्रोफाइल घे, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस खाली आण, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता केल्व्हिनमध्ये (उजेडाच्या रंगाच्या ठरावीक आकड्यावर) बांधून टाक आणि चेहऱ्याचं एक्स्पोजर जागेवरच अचूक पकड. ८-बिटमध्ये ‘नंतर बघू’ असं काही नसतं.

नंद्या तुला बाहेरचा रेकॉर्डर घ्यायला सांगेल. घेण्याआधी कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून १०-बिट बाहेर पडतं का ते मॅन्युअलमध्ये वाच. ८-बिटच पडत असेल तर प्रोरेसमध्ये (एडिटिंगला सोयीच्या, जड फाइलमध्ये) भरूनही ते ८-बिटच. पेटी मोठी, ऐवज तेवढाच. कॉम्प्रेशनची घाण कमी होईल, पट्टे राहतील.

मग नंद्या रॉवर येईल, म्हणजे सेन्सरचा जवळपास कच्चा डेटाच साठव म्हणेल. (तो नेहमीच येतो, आणि हिशोबाच्या वेळी उठून जातो.) हिशोब सोपा आहे: सेकंदाला किती मेगाबिट हा आकडा ०.४५ ने गुणलास की तासाला किती जीबी लागणार ते निघतं. तुझी पटकथा ९० मिनिटांची, दहास एक (फिल्मच्या एका मिनिटाला दहा मिनिटं शूट) धरलं तर १५ तासांचं फुटेज. दहास एक हे तुझ्यावर उपकार करून म्हणतोय. दार बंद करायचे एकोणीस टेक विसरलेलो नाही. १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी, एकूण ६७५. अल्ट्रा एचडी, २४ फ्रेमला प्रोरेस ४२२ साधारण ४७१ मेगाबिट खातं, म्हणजे ३.२ टीबी, त्याचाच वरचा दर्जा एचक्यू ७०७, म्हणजे जवळपास ४.८. यातला प्रत्येक आकडा तीनदा मोज, कारण एकच प्रत असलेलं फुटेज मी फुटेज मानत नाही. रॉ दर वेळी याहून जड असतो असं नाही. ब्लॅकमॅजिक रॉ १२:१ ला (बारापट दाबून) एचक्यूपेक्षा हलका पडतो. व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो हे खरं, पण जळून गेलेली खिडकी रॉही परत आणत नाही.

फाइल लहान म्हणजे एडिटिंगला हलकी, हाही गैरसमज काढून टाक. लाँग-जीओपी एच.२६५ मध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्यांच्या आधारावर उभ्या असतात. एक फ्रेम दाखवायला मशीनला आधीच्या कितीतरी उलगडाव्या लागतात, आणि तुझं मशीन म्हणजे माझी पाठ. प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनव, १०८० मध्ये. फाइलचं नाव, टाइमकोड आणि फ्रेमरेट मूळचेच ठेव, नाहीतर शेवटी मूळ फुटेज जोडताना रडशील.

कार्डाचं राहिलं. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. ऑल-इन्ट्रा ४०० मेगाबिट भागिले आठ म्हणजे ५० मेगाबाइट. व्ही६० घे, नाहीतर सुमीच्या डोळ्यांत पाणी येईल आणि नेमकं तेव्हा रेकॉर्डिंग थांबेल. दुसरा कॅमेरा म्हणून फोन लावणार असशील तर फ्रेमरेट स्थिर ठेवणारं ॲप वापर. फोनचा आपला फ्रेमरेट वरखाली होतो आणि लांब टेकमध्ये आवाज ओठांपासून सरकतो.

आणि हो, ते जुनं भांडण: सेकंदाला २४ फ्रेम की २५. २४ घे. थिएटरच्या डीसीपीला (पडद्यावर दाखवायच्या डिजिटल प्रतीला) २४ सगळीकडे बिनबोभाट चालतं. २५ हळू करून २४ करायचं तर फिल्म चार टक्क्यांनी लांबते आणि आवाज खाली येतो. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली फ्लिकर (उजेडाची लुकलुक) येईल हा माझा मुद्दा शटर १/५० ठेवला की निकालात निघतो. झालं? मास्तरांना कळवू नकोस.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं ना? नव्या घराचा पत्ता पाठव. नोकरी खरंच सोडलीस की नुसतीच धमकी?

त्याआधी एक कर. तीच भिंत, तोच दिवा, तीच सुमी. तीन क्लिपा: ८-बिट लॉग, ८-बिट न्यूट्रल आणि मिळालं तर १०-बिट लॉग. तिन्ही ग्रेड करून सारख्या कॉन्ट्रास्टला आण, १०-बिट प्रोरेसमध्ये काढ, नावं न लिहिता पाठव. मी ओळखतो. चुकलो तर शूटिंगचे सगळे दिवस मुकाट्याने क्लॅप धरीन.

तुझा,
वश्या