परत फळीवर

प्रिय अव्या,

महिनाभर फोन उचलला नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर आता हे वाच. मी परत सर्फिंग सुरू केलंय. ५६ व्या वर्षी. हसून घे आधी.

पोरगी कॉलेजला गेली, शनिवार मोकळे झाले, बस एवढंच कारण. १९ वर्षांनी इथल्या, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला गेलो, आपली जुनी जागा कॉवेल्स, धक्क्याच्या बाजूला. माझी जुनी फळी आता मला पेलत नाही, म्हणून नऊ फुटी फोमची भाड्याने घेतली, लहान पोरांना देतात ना तीच, निळी.

खरी मारामारी वेटसूटशी झाली. पाणी १३ डिग्री, त्यामुळे छातीला ४ आणि हाताला ३ मिलिमीटर जाडीचा सूट लागतो, आणि पोट मधल्या काळात वाढलंय हे त्या रबराला कोणी सांगितलं नव्हतं. पार्किंगमध्ये एक हात वर अडकलेला, दुसरा आत, असा मी उभा, शेवटी एका शाळकरी मुलीने मागची चेन ओढून दिली आणि वर "ओके, सर?" अरे ते सर जास्त लागलं! १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र इथेच नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्यांवर सर्फिंग करून गेले, तेही वेटसूटशिवाय. धन्य आहेत.

आणि आजोबांचा हिशोब आठवतो का, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ? अष्टमीला सहा वाजता. देवगडात चालायचं ते, इथे साफ फेल, इथल्या दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. कॉवेल्सला तर ओहोटीच हवी, भरतीत लाट नुसती फुगते, फुटतच नाही. म्हणून पहाटे साडेपाचला घर सोडायचं, तुझी वहिनी एक डोळा उघडून बघते आणि कूस बदलते.

पूर्वी मी एका झटक्यात उभा राहायचो. आता आधी गुडघे, मग देवाचं नाव, मग एक पाय, तोवर लाट निघून गेलेली. पण एक गंमत सांगू, तेव्हा दिसेल त्या लाटेमागे हात मारत सुटायचो आणि अर्ध्या तासात खांदे संपायचे. आता तेवढा दमच नाही, म्हणून बसून बघतो, पहिल्या दोन जाऊ देतो, तिसरी घेतो. परवा दोन तासांत तीनच घेतल्या, त्यातल्या एकीवर नीट उभा राहिलो, चारेक सेकंद असेल, धक्क्याखालचे सी लायन गल्लीतल्या कुत्र्यांसारखे भुंकत होते आणि मी मोठ्याने "आई गं" म्हणालो, शेजारचा म्हातारा घाबरला बिचारा.

गुडघे मात्र सोलून निघालेत. ऑक्टोबरला येतोयस ना, कैलास जीवनच्या दोन डब्या आण. आणि पोहणं चालू ठेव, फळी तुलाही भाड्याने मिळेल.

तुझा,
बाळ्या