घोड्यावर लागलेला पैसा दिसतो, घोडा दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील, आप्पा, रेसच्या एका तबेल्यात साईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, त्यामुळे घोड्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. पेपरात रेसची बातमी येते ती जॅकपॉट किती फुटला, फेवरिट कसा आपटला, डर्बीच्या मोठ्या रेसला कोण कुठली हॅट घालून आलं याची. पण तो घोडा का जिंकला, का हरला हे कुणी लिहीतच नाही आणि खरा थरार तर तिथंच असतो हो.

मी नववीत होते. पुण्याचा पावसाळी सीझन, आप्पांच्या घोडीवर त्या दिवशी सगळ्यांचा भरवसा होता, पहाटेच त्यांनी तिला खरारा करून असं चकचकीत केलं होतं की काळा रंग निळसर दिसत होता. रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये शांत, जॉकी बसला तरी शांत, आणि स्टार्टिंग गेटजवळ गेल्यावर जी अडली ती अडलीच. मागून चार माणसं लोटतायत, ही पाय रोवून उभी. कशीबशी आत घातली, गेट उघडलं, तर बाकीचे सुटल्यावर ही सुटली. शेवटच्या 200 मीटरला बाहेरून असली काही आली की रेलिंगला टेकलेल्या माणसांचा आवाजच बंद झाला. फोटो फिनिश, नुसत्या नाकाएवढ्या अंतराने हरली. नंतर आप्पा म्हणाले, गेटवरच्या एका माणसाचा रेनकोट वाऱ्याने फडफडत होता, तेवढंच तिला खटकलं असेल. त्याआधी ती कधी गेटला अडली नव्हती, नंतरही कधी अडली नाही. लोक तिकिटं फाडून शिव्या देत घरी गेले आणि आप्पा तिचा घाम सुकेपर्यंत तिला फिरवत होते, मग पाय धुतले, खुरांत अडकलेली माती काढली.

रेस म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं असं लोक सरळ ठोकून देतात, पण हँडिकॅप म्हणजे काय हे विचारलं तर सांगता येत नाही. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमी ताकदीच्या घोड्यावर कमी, जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या लावून वजन पुरं करायचं, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत असाच तो प्रयत्न असतो. त्यात पावसाने ट्रॅक जड झालेला, कुणाला पुढे पळायची सवय, कुणाला मागून यायची. डर्बीत हँडिकॅप नसतो, पण तिथं 2400 मीटर पळायचं असतं आणि दम कुणाला पुरतो ते शेवटच्या वळणानंतरच कळतं.

अमेरिकेतली 2022 ची केंटकी डर्बी आठवा. रिच स्ट्राइक नावाचा घोडा, भाव 80 ला 1, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं, आदल्या दिवशी दुसऱ्या एका घोड्याचं नाव मागे घेतलं म्हणून याला जागा मिळाली, तीही 20 वी, सगळ्यात बाहेरची. पुढच्या घोड्यांनी सुरुवातीलाच इतकी प्रचंड स्पीड घेतली की शेवटी त्यांचा दम गेला, आणि सनी लिऑन या जॉकीने गर्दीतून वाट काढत याला आतल्या बाजूने आणलं आणि जिंकवलं. याला नुसतं नशीब म्हणणं मला पटत नाही, त्या जॉकीचा हात आणि नजर बघा की.

आणि रेसच कशाला, 2023 ला हांगझोऊ एशियाडमध्ये ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून तालबद्ध हालचाली करून घेण्याच्या प्रकारात, आपल्या टीमने 209.205 गुण करून गोल्ड आणलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी गोल्ड! अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला. मी त्या दिवशी फोन हातात धरून रडले. लगेच पुढचा प्रसंग बघा, हृदय छेडा वैयक्तिक प्रकारात आधीच्या फेरीत पहिला आला होता, आणि फायनलमध्ये घोड्याच्या पायावर रक्त दिसलं म्हणून नियमाने बाद. त्याच फायनलमध्ये अनुषला ब्राँझ. एवढं सगळं दोन-तीन दिवसांत झालं! बाद होणं वाईट वाटलं तरी तो नियम मला शंभर टक्के बरोबर वाटतो, कारण घोड्याला बोलता येत नाही. ही मुलं युरोपात राहून तिकडच्या घोड्यांवर सराव करतात, कारण इथले घोडे रोगांच्या नियमांमुळे परदेशी स्पर्धांना नेता येत नव्हते. 2025 मध्ये मेरठला आर्मीच्या घोड्यांसाठी रोगमुक्त विभागाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, म्हणजे आता इथला घोडा बाहेर जायची वाट उघडली, ही केवढी मोठी बातमी आहे!

बेटिंगमुळे घरं बुडाली आहेत, आमच्याच चाळीत मी ते पाहिलंय, त्याची बाजू मी घेत नाही. माझी विनंती एवढीच आहे की फेब्रुवारीत मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर डर्बी असते तेव्हा तुमचा एखादा बातमीदार पहाटे 5 ला ट्रॅकवर पाठवा, घोडे सरावाला निघतात तेव्हा. जॉकीशी बोलू द्या आणि साईसांशी तर नक्कीच, घोड्याने काल चंदी नीट खाल्ली की नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच माहीत असतं.

आपली,
एक वाचक, वानवडी, पुणे