डिसेंबरात येणं जमणार नाही

प्रिय आई-बाबा,
जयभीम.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि मला पुढचं सुचलं नसतं, म्हणून लिहितेय. कंपनीच्या नोकरीला मी नकार कळवला. ऑगस्टपासून इथेच, शिकागोत, समाजशास्त्रात पीएचडी. फी माफ आहे, वर दरमहा पैसे मिळतात. कर्जाचा हप्ता चुकणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, गोऱ्या-काळ्यांची भांडणं, आपल्याला काय त्याचं? मलाही तसंच वाटायचं. मग वर्गात या शहराचा एक जुना सरकारी नकाशा दाखवला, १९३०-४० च्या काळातला. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवलेल्या. लाल म्हणजे धोका, तिथे घराला कर्ज मिळणं मुश्किल. १९६६ साली घरांसाठी इथे मोर्चा निघाला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंगच्या डोक्याला दगड लागला. सगळे वही काढून लिहून घेत होते. मला मात्र सदाशिव पेठेतला तो जिना दिसत होता. आडनाव सांगून झाल्यावर तुम्ही माझा हात धरून खाली उतरलात आणि म्हणालात, जागा लहान होती. लहान नव्हती बाबा, मी आत डोकावले होते.

हे लिहू की नको, चार दिवस ठरत नव्हतं. राग नाही हो. त्या दिवशी तुम्ही मला उसाचा रस पाजलात, अख्खा ग्लास, तेच जास्त आठवतं.

जात आणि वंश एकच नाहीत, हे आमचे सर सारखे बजावतात, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्याच कपाटातली 'गुलामगिरी' काढून बघा, जोतीरावांनी १८७३ साली ती कुणाला अर्पण केली: काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये इथल्या काळ्यांचे मोठे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. विषय घरातलाच आहे.

आई, डेव्हन अव्हेन्यूवर ज्वारीचं पीठसुद्धा मिळतं. तुझी गोधडी रोज अंगावर असते, रजई खाली.

आता ऐका. गुडघ्याला नुसतं तेल चोळू नकोस, एक्स-रे काढ. बाथरूममध्ये दांडी बसवून घ्या, या आठवड्यात. बाबा, साखरेचा ताजा रिपोर्ट पाठवा. मागच्या वेळी जुना पाठवलात, तारीख दिसते मला! आणि ६ डिसेंबरला दादरला एकटे जाऊ नका. या वर्षी रांगेत मी नसेन, काकांना सोबत घ्या. चण्यांवर दिवस काढू नका, डबा न्या.

तुमची,
छकुली