आई, जुनी कालनिर्णयं रद्दीत देऊ नकोस

हेलगोलँड, जर्मनी
रविवार, १७ एप्रिल २०१६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलणं होतंच, पण ते आपलं ठरलेलं: जेवलीस का, थंडी किती, नळ आला का. आज्जीला कागदावरचं पत्र हवंय, दादानं मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणून हे. दादा, कंटाळा आला तरी मधलं गाळू नकोस बे.

मंगळवारी लातूरला पाण्याची गाडी पोचल्याची बातमी इथं मेसमध्ये बसून वाचली. मिरजेला भरलेल्या दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून गेल्या. माझ्याबरोबर घानाचा एक मुलगा शिकतो. त्याला खरंच वाटेना. पाणी, आणि रेल्वेनं? नकाशावर कुर्डुवाडी दाखवली, तर म्हणतो, मग तुझं घर कुठं? ते त्याच्या बोटाखालीच झाकलं गेलं होतं.

आपल्याकडं नळ चार दिवसाआड, उजनी मायनसमध्ये, आणि मी बसलेय चहूबाजूंनी पाण्यात. पण प्यायचं पाणी इथंही फुकट नाही. समुद्राचं पाणी यंत्रातून गोडं करून घेतात, तेव्हा नळाला येतं. दात घासताना माझा हात अजून आपोआप नळ बंद करतो. खोलीतली ब्राझीलची मुलगी हसते त्याला.

बेट एवढंसं. मोटारी नाहीत, सायकलीसुद्धा नाहीत. माणसं दीडेक हजार. वादळ आलं की कुक्सहाफेनची बोट बंद, मग दुकानात भाजी संपते. उद्या १८ एप्रिल. १९४७ साली याच तारखेला इंग्रजांनी इथले लष्करी तळ उडवायला सुमारे ६,७०० टन दारूगोळा एका वेळी पेटवला. बेट उरलं, पण त्याचा आकार बदलला. १९५२ साली ते जर्मनांना परत मिळालं आणि दहाच वर्षांनी, १९६२ पासून, इथल्या लोकांनी एक काम धरलं, ते आजतागायत चालू आहे. ज्या कामासाठी मला इथं आणलंय ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काम अगदी साधं आहे. कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी एक छोटी बोट बेट आणि शेजारच्या वाळूच्या पट्टीच्या मधे जाते, त्याच जागी थांबते आणि बादलीनं पाणी काढते. पाणी किती गार, किती खारट, त्यात नायट्रेट-फॉस्फेट किती आणि डोळ्यांना न दिसणारे जीव कोणते, हे नोंदवायचं. खारटपणा इथं किलोला साधारण ३२ ग्रॅम. एल्ब नदीचं पाणी मिसळतं म्हणून कमी. आपल्या अरबी समुद्राचा ३६ च्या आसपास जातो. मग पाणी किती नितळ ते बघायला दोरीला बांधलेली पांढरी चकती पाण्यात सोडायची, आपल्या छोट्या परातीएवढी. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, वर ओढताना पुन्हा दिसली की परत बघायची, दोन्हींची सरासरी. १८६५ साली पोपच्या जहाजावरून सेकी नावाच्या पाद्र्यानं ही चकती पहिल्यांदा सोडली. उपग्रह आले तरी ती गेली नाही, कारण उपग्रह बरोबर सांगतोय का, हे असल्याच मोजमापांशी ताडून बघावं लागतं.

सध्या वसंत आहे, पाण्याला शेवाळी झाक आलीय. सूक्ष्मदर्शकाखाली एक शैवाल दिसतं, थॅलॅसिओसिरा. गोल काचेच्या डब्या, एका बारीक धाग्यात अंतरा-अंतरानं ओवलेल्या, पुतळ्यांच्या माळेसारख्या. मी पहिल्या दिवशी मोजायचं विसरून नुसती बघतच बसले होते.

आत्या विचारत होती ना, हा सगळा खर्च करतंय कोण. पैसा जपानच्या निप्पॉन फाउंडेशनचा. कारभार पोगोचा (कार्टूनचा चॅनल नव्हे आज्जी, जगभरच्या समुद्रसंस्थांची १९९९ पासूनची जोडणी आहे), तिचं कार्यालय इंग्लंडात प्लिमथला. शाळा या जर्मन बेटावर, आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन समुद्रसंस्थेची. दर वर्षी दहा जण, दहा महिने, बहुतेक आपल्यासारख्या देशांतले. आधी हा वर्ग बर्म्युडाला भरायचा, २०१३ पासून इथं. पोगोचं कार्यकारी संचालकपद आपल्याच शुभा सत्येंद्रनाथ यांनी बरीच वर्षं सांभाळलं. समुद्राच्या रंगावरून त्यातल्या शैवालाचा अंदाज कसा घ्यायचा, हा त्यांचा विषय.

परोपकार म्हणून हे कुणी करत नाही, हे मला इथं आल्यावर कळलं. समुद्र एवढा मोठा की कुठल्याही एका देशाला तो मोजणं परवडत नाही, आणि मोजणारा माणूस प्रत्येक किनाऱ्यावर लागतो. अर्गो नावाची नळकांडी आहेत, माणसाएवढ्या उंचीची. सगळ्या महासागरांत मिळून जवळजवळ ४,०००. एक नळकांडं हजार मीटरवर जाऊन वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येताना तापमान-खारटपणा मोजून उपग्रहाला कळवतं. त्यांतली काही आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्रसंस्थेनं सोडलेली. पण आकडे सगळ्यांचे, एका दिवसात सगळ्या जगाला फुकट मिळतात. शेतजमिनीच्या बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या भावकीला हे सांगून पटणार नाही.

बाबा, आता तुमचा प्रश्न. त्याच मंगळवारी हवामान खात्यानं सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितला, तो खरा धरायचा का? गेल्या साली आपलं जे वाळवण झालं त्यात एल निन्योचा मोठा हात होता. पॅसिफिकचं पाणी विषुववृत्तावर तापलं की आपला मोसमी वारा बहुतेक वेळा ढिला पडतो. ते पाणी आता निवत चाललंय, म्हणून खातं उमेदीत आहे. पण १०६ हा सबंध देशाचा, चार महिन्यांचा आकडा. मोहोळच्या आपल्या चार एकरांवर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काय होईल, ते त्यात कुठंच लिहिलेलं नाही. काकाला सांगा, त्या आकड्यावर बियाणं उधार आणू नको. वीतभर ओल झाल्याशिवाय पेरायचं नाही, हा आजोबांचा हिशोब या बाबतीत खात्यापेक्षा बरा.

आणि एल निन्यो कळतो कसा, तेही ऐका. १९८२-८३ सालचा एल निन्यो एवढा जबर होता, तरी तो अगदी भरात येईपर्यंत शास्त्रज्ञांना पत्ता नव्हता. त्या धड्यावरून पॅसिफिकमध्ये सत्तरेक बोयांची (पाण्यावर तरंगत मोजमाप घेणारे पिंप समजा) रांग नांगरली, ती १९९४ साली पुरी झाली. पश्चिमेकडचे बोये पुढं जपाननं सांभाळले. मग २०१२ नंतर अमेरिकेकडचं देखभालीचं जहाज काढून टाकलं आणि दोन वर्षांत माहितीचा ओघ निम्म्याच्या खाली आला. बोया तिथंच तरंगतोय, पण मुका. आमच्या मास्तरांनी तो आलेख दाखवला तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही.

आपल्या बाजूचा समुद्र तर त्याहून कमी मोजलेला. १९६० च्या दशकात डझनाहून जास्त देशांनी चाळीसेक जहाजं हिंदी महासागरात आणली, त्यातूनच १९६६ साली गोव्याची आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. त्या मोहिमेचा दुसरा अंक गेल्या ४ डिसेंबरला गोव्यातूनच सुरू झाला. ‘सागर निधी’ जहाज मॉरिशसकडं निघालं तेव्हा मी इथं कुडकुडत त्याचे फोटो बघत होते. परत आले की त्यात शिरायचा विचार आहे. जहाजावर उलटी होते का, हे आज्जीनं विचारू नये. होते.

आता माझी एक चूक. आम्हा दहा जणांची सरावाची वेगळी नोंदवही आहे. मार्चमधल्या एका शुक्रवारी बाटलीत लुगोल घालायचं मी विसरले. आयोडीनचं द्रावण असतं ते, त्यानं पाण्याला गुळाच्या चहाचा रंग येतो आणि जीव आहेत तसे टिकतात. सोमवारी बघते तर अर्धे फुटलेले, अर्धे खाल्लेले. गुरुवारचा आकडा समोर होता, पुढचाही साधारण तेवढाच आला असता. मी आमच्या शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, मधला अंदाजानं काढून घालू का? त्या रागावल्या नाहीत. पेन हातात दिलं आणि म्हणाल्या, रेघ मार. त्या दिवसापुढं माझ्या हातची आडवी रेघ आहे. बाकीच्या नऊ जणांना रोज वही उघडली की दिसते.

आई, म्हणूनच तुझ्याकडं काम आहे. अक्षय तृतीयेच्या आधी माळा आवरायचाय म्हणालीस ना? तिथं सुतळीनं बांधलेली तुझ्या लग्नापासूनची कालनिर्णयं आहेत. ती रद्दीत देऊ नकोस. तू त्यात नळाच्या दिवसाला गोल करतेस, गॅस लागल्याची तारीख टाकतेस, आणि बाबा गावाहून आले की त्याच चौकोनात ‘चार बोटं ओल’, ‘वीतभर ओल’ लिहितात. मी लहानपणी हसायचे त्याला. पंचवीसेक वर्षं एकाच घरातून, एकाच हातानं लिहिलेलं असं दुसरं कुणाकडं आहे की नाही, देव जाणे.

दादा, तू एकेक पान गच्चीत उजेडात धरून फोटो काढ. जून ते ऑक्टोबर आधी. आईचं पेन्सिलचं लिहिणं फिकं असतं, नीट बघ. आज्जी दवाखान्यात होती त्या साली ऑगस्टचे दोन आठवडे कोरे आहेत. बाबा, ते आठवून भरू नका, तसेच राहू द्या.

तुमची,
बेबी

ता. क. : शेंगाचटणी संपली. घानाचा मुलगा तिचं सूप करून प्यायला. त्यांच्याकडं शेंगदाण्याचं सूप असतं म्हणे. चादर ब्राझीलच्या मुलीनं ढापलीय, ती काही आता परत मिळत नाही. येणाऱ्या कुणाबरोबर दुसरी पाठवा, जरा जाड.