नोकरी सांभाळून पुन्हा शिकायला बसले आहे

उरण

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ॲडमिशनचं कळल्यावर तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "नोकरी आसा मां? मगे आता ह्यां कशाक?" आईने लगेच विषय बदलला. पण प्रश्न रास्त आहे आणि फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून निवांत लिहिते आहे.

आधी काळजीचं सांगून टाकते. नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. माहिती सुरक्षेतली ही एम.एस्सी. दोन वर्षांची आहे, पूर्ण ऑनलाइन. फी सत्रागणिक भरायची असते, ती माझ्या पगारातून जाते. कलमांवर कर्ज नाही, तुमच्या ठेवींना हात नाही.

आता कशाला ते. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. सुरुवात युक्रेनमध्ये झाली, हिशेब ठेवायच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि आमच्या इथल्या न्हावा शेव्याच्या बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. स्क्रीनवर खंडणीची मागणी दिसायची, पण पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं. तो व्हायरस नुसता नासधूस करायला बनवलेला होता. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं की चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक त्यांना दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कोण कर्मचारी, कोणाला कशाची परवानगी, याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांच्या प्रती सांभाळत होते. सगळेच एकदम पुसले जातील असा विचार कोणी केला नव्हता. तेच झालं. एकच सर्व्हर वाचला, घानामधल्या कार्यालयातला, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती! एवढी मोठी कंपनी पुन्हा उभी राहिली ती त्या एका प्रतीवर.

आमची कंपनी मर्स्कपुढे काहीच नाही. पण गेट पास, कंटेनरचे नंबर, वजनाच्या पावत्या हे सगळं ज्या सर्व्हरवर आहे तो चालू ठेवणं माझं काम आहे. सिस्टिम तासभर बंद पडली की ट्रेलरची रांग रस्त्यावर येते. ड्रायव्हर उन्हात बसून राहतात, प्यायला पाणी नसतं, गाडी सोडून जाताही येत नाही. अभ्यासक्रमात सुरक्षेचे तीन पाये शिकवतात: गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. लोकांना वाटतं सुरक्षा म्हणजे गुपित राखणं. बंदरावर काम करणाऱ्याला तिसरा पाया आधी कळतो. वीज गेली म्हणून वाचलो, असं माझ्या हाताखालच्या कुठल्याही सर्व्हरबद्दल म्हणायची वेळ येऊ नये, हे माझ्या शिकण्याचं खरं कारण आहे.

शिवाय कायदाही बदलला. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवायचे. आमच्याकडे ते जपायचं काम माझ्याकडेच आहे. पण लॉग साठवणं वेगळं आणि त्यातून चोराचा माग काढणं वेगळं. तो माग काढायला मी शिकते आहे.

दुसरी शंका तुम्ही बोलून दाखवली नाहीत, तरी मला कळली: ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतो? बाबा, आपल्या घरात याचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. आई अंगणवाडी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. पुस्तकं पोस्टाने यायची, संपर्कसत्रासाठी ती पहाटेच्या एसटीने कणकवलीला जायची आणि संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापायची. आई, तुझ्या त्या पदवीला आपल्यापैकी कोणी कधी कमी लेखलं नाही. मी वेगळं काही करत नाही आहे. फक्त पोस्टाची जागा इंटरनेटने घेतली आहे.

तरीही मी डोळे मिटून पैसे भरलेले नाहीत. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन द्यायला आयोगाची परवानगीच नाही. त्यामुळे 'घरबसल्या एम.टेक.' अशी जाहिरात दिसली की मी पुढे बघितलंच नाही. आयोगाच्या यादीत विद्यापीठही आणि हा अभ्यासक्रमही आहे, हे दोन्ही तपासलं. बाहेर तर हे केव्हाच रुळलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या नावाजलेल्या संस्थेने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची आणि २०१९ मध्ये सायबरसुरक्षेची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली. दोन्हीकडे शिकणारे बहुतेक नोकरी करणारेच.

अभ्यास सोपा नाही. रात्री जेवण झाल्यावर बसते. लॅपटॉपमध्येच एक खोटा संगणक उभा करायचा, त्यावर हल्ला करून बघायचा, मग तो कसा अडवता आला असता ते लिहायचं. दमायला होतं, पण ऑफिसात सकाळी पाहिलेली गोष्ट रात्री पुस्तकात भेटते, तेव्हा जो आनंद होतो तो मला कॉलेजात कधी झाला नव्हता. तेव्हा मी मार्कांसाठी शिकत होते.

आई, वरच्या वाडीतल्या काकांची गोष्ट तू हळू आवाजात सांगितलीस, कोणाला कळू नये म्हणून. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल, 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी आणि ठेव गेली. काका आता कोणाशी बोलत नाहीत म्हणालीस. त्यांना माझ्याकडून सांग की लाजायचं कारण त्यांना नाही. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यातच नाही. सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे की सुरक्षेची व्यवस्था माणसाला सहज, न चुकता वापरता येईल अशीच असली पाहिजे. पन्नास वर्षं झाली, तरी आमच्या क्षेत्रात अजून बटण दाबणाऱ्यालाच दोष देतात. मला ते पटत नाही. सत्तरीच्या माणसाची आयुष्याची पुंजी घाबरवून एका दुपारी काढून घेता येत असेल, तर ती व्यवस्था रचणाऱ्यांनी उत्तर द्यायला हवं. तुम्ही दोघांनी मात्र १९३० हा नंबर फोनजवळ लिहून ठेवा. असं काही झालं तर पहिला फोन तिथे, दुसरा मला. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तेवढंही ध्यानात ठेवा.

बाबा, आता तुमच्याकडे काम आहे. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी एक युक्ती मांडली: आधी कधी न भेटलेली दोन माणसं, सगळ्यांसमोर बोलून, एक गुप्त आकडा ठरवू शकतात. समजा तुम्ही देवगडला आणि मी उरणला. आपण उघडपणे २ आणि २९ हे आकडे ठरवले. मी मनात ५ धरला. २चा पाचवा घात ३२, त्याला २९ने भागून बाकी ३. ती मी तुम्हाला कळवली. तुम्ही मनात ९ धरलात. २चा नववा घात ५१२, बाकी १९. ती तुम्ही मला कळवलीत. आता मी तुमच्या १९चा पाचवा घात करून २९ने भागायचं, तुम्ही माझ्या ३चा नववा घात करून २९ने भागायचं. दोघांची बाकी २१ येते, आणि हा २१ आपण उच्चारलेलाच नाही! पोस्टमनने वाटेत सगळी पत्रं वाचली तरी त्याच्या हाती २, २९, ३ आणि १९ एवढंच लागतं. इथे आकडे लहान आहेत म्हणून तो बसून शोधून काढेल. खऱ्या वापरात २९च्या जागी सहाशेहून जास्त अंकी संख्या असते, तिथे त्याचं काही चालत नाही.

हे तुम्ही कागदावर करून बघाच. पुढच्या सत्रात क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे अशा गुप्त संदेशांच्या गणिताचा, पूर्ण पेपर आहे आणि सगळा भर भागाकाराच्या बाकीवर आहे. व्हिडिओतले सर फार भराभर पुढे जातात. तुम्ही दहावीच्या पोरांना एकेक पायरी फळ्यावर उतरवून द्यायचात, तसं मला कोणी समजावून देईल तर हवं आहे. फर्माच्या छोट्या प्रमेयाची सिद्धता तुमच्या पद्धतीने लिहून फोटो पाठवाल का? रविवारी सकाळी मला वेळ असतो. तेव्हा व्हिडिओ कॉल करूया.

तुमची,
ताई

ता. क. आई, परीक्षा घरूनच द्यायची असते. कॅमेऱ्यापुढे सगळी खोली दाखवायची, मग पेपर संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, फोनही लांब ठेवायचा. तारखा आल्या की कळवीन. त्या वेळेत फोन लागला नाही तर घाबरू नकोस. चवथीला नक्की येते, असाइनमेंट आधीच उरकून.