टाचणी आणि भिंग घेऊन थांबलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

माझ्या हातातलं गवत पाहून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "बुंधा आणलाय का?" त्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी लांबूनच तुरा पाहिला आणि "बारीक पात्याचं फेस्क्यू आहे", म्हणजे फेस्टुका वंशातलं गवत, म्हणून मोकळे झाले. एका जाणकारांनी तर पात्यांच्या निळसर झाकेवरून छातीठोकपणे त्यातल्या एका जातीचं नाव, "फेस्टुका ओविना", सांगून टाकलं. ही झाक एकाच जातीत हिरव्यापासून निळसरापर्यंत बदलते, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. नीट पाहायची तसदी घ्यायची नव्हती, एवढंच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कुसळ तुसाच्या थेट टोकातून निघतं, ब्रोमस गवतासारखं टोकाच्या जरा खालून नाही. पात्याचं टोक पोआ गवतासारखं होडीच्या आकाराचं नाही. इथवर माझं मी आलो होतो, पुढे गाडी अडली होती.

तुम्ही ठोंबातला सगळ्यात कोवळा फुटवा निवडलात, टाचणीने बाहेरची पानं अलगद बाजूला केलीत, भिंग माझ्या हातात दिलंत आणि गप्प बसलात. नाव सांगितलं नाहीत. पात्याखालचा आवरक, म्हणजे खोडाला वेढणारा पानाचा खालचा भाग, नळीसारखा बंद आहे, त्याच्या कडा सुट्या नाहीत, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसेपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत. आभार मानायचे आहेत ते त्या थांबण्याचे.

मग कोडं सुटत गेलं. ओविनाचा आवरक बराच खालपर्यंत उघडा असतो. त्याच वंशातल्या दुसऱ्या जातीचा, फेस्टुका रुब्राचा, कोवळेपणी जवळजवळ वरपर्यंत बंद असतो. जुना झाला की तपकिरी होऊन त्याचे धागे सुटतात, म्हणून फाटलेल्या आवरकावर विसंबायचं नाही. जमिनीखालचं आडवं खोड सापडलं नाही म्हणून रुब्रा बाद होत नाही, तिचे काही प्रकार ठोंबातच वाढतात, हेही तुम्हीच सांगितलंत. शेवटी पात्याचा आडवा छेद: कडक ऊतीचे सुटे पुंजके, ओविनात बहुधा दिसणारा सलग पट्टा नाही. म्हणजे रुब्राच.

माझ्याकडून तुम्हाला काहीच मिळणार नव्हतं. तरी एका अनोळखी माणसाच्या मूठभर गवतासाठी तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. असं वागणारी माणसं आहेत म्हणून विचारायचा धीर होतो.

नमुना बुंध्यासकट दाबून वाळवला आहे. चिठ्ठीवर "ओळख पटवली" या शब्दांपुढे तुमचं नाव लिहायची परवानगी द्याल ना?

आपला कृतज्ञ,
गवतं पाहत फिरणारा एक विद्यार्थी